सॉमरलेडचं रक्त

३ फेब्रुवारी २००६, मँचेस्टर
पुन्हा सॉमरलेड. मामंजींना सूप भरवताना, मोजे चढवताना — सॉमरलेड. बाराव्या शतकात त्याने स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं जिंकली, आणि आम्ही मॅकडूगल म्हणे त्याच्या मुलाचे, डूगलचे वंशज. तेरा वर्षं ऐकतेय. आज हॉस्पिटलच्या फार्मसीत नऊ तास उभी होते. ‘हो का’ म्हटलं आणि दुसरा मोजा चढवला.

११ फेब्रुवारी
मॅकडूगल कुळाच्या मंडळाकडून डीएनए टेस्टची पाकिटं आली. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, बस्स. मामंजींनी दोन मागवली होती — एक स्वतःसाठी, एक मुलासाठी, माझ्या कॅलमसाठी. कॅलम हसला. “डॅड, माझी कशाला? तुमचं तेच माझं.” मामंजी म्हणाले, “तू कर.” एवढंच.
नावं घालून दोन्ही मीच पोस्टात टाकली.

२ मार्च
कंबर धरलीय. काही लिहायला नाही.

२४ एप्रिल
निकाल आला. मामंजींना दिसत नाही, त्यांची पत्रं मीच फोडते. त्यांचा नमुना सॉमरलेडच्या वंशाशी जुळतो. कॅलमचा जुळत नाही. मामंजींशीही नाही.
तीनदा वाचलं. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. कुणाला विचारू? कॅलम शीळ घालत भांडी घासत होता. पत्र पर्समध्ये टाकलं.

२६ एप्रिल
“पोस्ट?” — मामंजी. “काही नाही.” खोटं बोलायचाही कंटाळा आलाय.

२९ एप्रिल
कॅलम बाहेर गेल्यावर मामंजी म्हणाले, “पत्र आलंय. तुझ्या आवाजावरून कळतं. वाच.”
पहिला भाग वाचून मी थांबले.
“पुढचं.”
तेही वाचलं. ते म्हणाले, “मी लग्नाचं विचारलं तेव्हा तुझ्या सासूला, मोरागला, चौथा महिना होता. मी तिला शब्द दिला होता, तोंडाने कधी सांगणार नाही. आता माझे थोडे दिवस राहिले. त्याला कळायला हवं. वाटलं, कागदच सांगेल.”
“आणि तो कागद माझ्या हाती?”
“दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा, उल्का?”
इतका राग आला, आणि रागवायला अंगात त्राण नव्हतं.

३० एप्रिल
कॅलमला पत्र दिलं. मामंजींचं म्हणणंही सांगितलं. तो पायरीवर बसला. “लहानपणापासून मला मॅकडूगलांच्या किल्ल्यांवर फिरवलं. तुझे पूर्वज, तुझे पूर्वज. का?”

७ मे
आठवडा झाला, कॅलम त्यांच्या खोलीत गेलेला नाही. ते दाराकडे कान लावून पडलेले असतात. दोघांचे चहाचे कप मी दोन खोल्यांत नेते.

९ मे
संध्याकाळी कॅलम आत गेला. दार लावून घेतलं. काय बोलले, मी विचारलं नाही.

१६ मे
मामंजी परवा गेले. आज मृत्यूच्या नोंदणीला आम्ही दोघं. रजिस्ट्रार बाईंनी विचारलं, “मयताशी तुमचं नातं?”
“मुलगा,” कॅलम म्हणाला. “एकुलता एक.”