पगडीचं दुसरं टोक

भिंगार, अहमदनगर
चैत्र, १९७३

प्रिय प्रीतमसिंग,

सर्वप्रथम तक्रार. ती गांभीर्याने घ्यावी ही विनंती. तू गेल्यापासून माझा सकाळचा चहा रोज गार होतो. कप उचलायला जावं, तर उजवा हात आपणहून छातीच्या उंचीपर्यंत वर जातो, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटतात, आणि मी अंगणाकडे तोंड करून पुतळ्यासारखा उभा! काल तुझी वहिनी म्हणाली, "अहो, हात खाली घ्या. दूधवाला बघतोय. त्याला वाटतंय तुम्ही त्याला आशीर्वाद देताय." मेलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या चहात लुडबुड करू नये, असं एकाही स्मृतीत लिहिलेलं नाही. त्या ऋषींना तुझ्यासारखा शेजारी मिळाला नसावा.

एवढ्यासाठी कागद खराब केलास का, पंडित, असं तू म्हणशील. नाही रे. तुझा पोरगा जसबीर उद्या पुण्याला परत जातोय. तुझं गॅरेज दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, खोल्यांची किल्ली घरमालकाला द्यायची आहे. तो निघण्याआधी मला तुझ्याकडे एक मागणं मागायचं आहे, आणि तोंडी बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस.

आठवतं, ते टोक माझ्या हातात कसं आलं? सतवंत वहिनी होत्या तोवर तुमचा तो सकाळचा सोहळा मी ओट्यावरून नुसता बघायचो. सहा वार मलमल, खळ घालून वाळवलेली, अंगणभर ताणलेली. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला त्या. तुम्ही त्याला पूणी करणं म्हणता. कापड ताणून धरायचं, घडीवर घडी बसवायची, मधे जरासुद्धा ढिलं पडू द्यायचं नाही. तेव्हा कुठे पगडीचे पेच नीट बसतात. एकट्याचं ते काम नव्हे. वहिनी गेल्यावर पहिल्या सकाळी तू ते टोक खिडकीच्या गजाला बांधून बघितलंस, मग कडुनिंबाला, मग मोटारसायकलच्या हँडलला. मोटारसायकल पडली. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी सोवळ्यात, हातात ताम्हन घेऊन उभा.

"पंडित, जरा टोक धरतो का?"

मी सोवळ्याचा मुद्दा काढला. तू म्हणालास, "काल धुतलीय, खळ घातलीय, कुनी शिवलेलं न्हाई. तुझ्या धोतरापरीस सोवळी हाय. धर!"

ट्रक ड्रायव्हरांच्या संगतीत तू जी मराठी कमावली होतीस, तिच्यापुढे माझं शास्त्र टिकलं नाही. ताम्हन खाली ठेवलं आणि टोक धरलं. ते आजवर धरलेलंच आहे.

गंमत अशी की कापडातून माणूस कळतो. तुला ताप असला की ओढ मऊ यायची. गिऱ्हाइकाशी भांडण झालेलं असलं की माझा खांदा निखळायची वेळ. आणि शेवटी तुझा तो झटका! दोनदा हलकेच ओढायचं आणि तिसऱ्यांदा असं हिसकायचं की मी एक पाऊल पुढे यायचो. "जागा झाला का, पंडित?" मी रोज चिडायचो. तू रोज हसायचास.

मीही तुला कमी छळलं नाही म्हणा. नगरच्या उन्हाळ्यात डोक्यावर सहा वार कापड, त्याखाली कमरेपर्यंत केस, हनुवटीखाली दाढी. मी पूर्वपक्ष मांडायचो, की ईश्वर जर अंतर्यामी आहे, तर त्याला आत येताना एवढी झाडी कशाला ओलांडायला लावायची? तू कंगवा फिरवत ऐकून घ्यायचास आणि विचारायचास, "तुझी शेंडी कुठंय?"

झालं, संपला वाद. माझी शेंडी कुणी कापली नाही, प्रीतम. वेदशाळेतून आलो तेव्हा चांगली गोखुराएवढी होती. हायस्कुलात नोकरी लागल्यावर न्हाव्याने दर खेपेला जराशी बारीक केली, आणि एका खेपेला ती नव्हतीच. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.

गेल्या वर्षी टँकरचं पाणी सुरू झालं, तेव्हा मागच्या बोळातले भापकर तात्या तुला म्हणाले होते, "सरदारजी, राग येऊ देऊ नका, पन केसं काढली तर एक बादली वाचंल बघा." तू म्हणालास, "तात्या, आंगुळ सोडीन. केस न्हाई." आणि खरंच आठवडाभर ओल्या फडक्याने अंग पुसून राहायचास, नि रविवारी उरलेली बादली आणि वाटीभर दही घेऊन कडुनिंबाखाली बसायचास. तेच पाणी झाडाला. सगळं भिंगार करपलं, पण ते एक झाड हिरवं राहिलं.

ते अजून हिरवं आहे. रविवारी त्याच्याखालची माती ओली असते. टँकर रविवारी येत नाही. मी याविषयी कुणाला काही विचारलेलं नाही.

एकदाच तू चेष्टा न करता उत्तर दिलं होतंस. फाळणीत, इकडे येताना, गाडीत तुझ्या थोरल्या भावाने जीव वाचवायला केस कापले, दाढी उतरवली. वाचला. अमृतसरच्या फलाटावर तुझी आई नावाने हाका मारत त्याच्या अगदी समोरून गेली. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा. ओळखलं नाही. आणि त्याला हाक मारायची लाज वाटली. तो गर्दीत मागे राहिला तो राहिलाच. हे सांगताना तू टोक सोडलं नव्हतंस, पण कापड थरथरत होतं. "तवापासनं आपण ठरवलं, पंडित. मेल्यावर बी वळखू यायला पायजे."

ते शब्द मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. हल्ली ते माझ्या मागे मागे असतात.

तू गेलास तो दिवस सांगू? तू होतास म्हणा, पण कुठल्या बाजूला होतास ते मला ठाऊक नाही. गॅरेजमधून तुला आणलं, रात्रीतून जसबीर पुण्याहून आला. सकाळी गुरुद्वाऱ्यातल्या मंडळींनी तुला न्हाऊ घातलं, केस विंचरून बांधले. आता पगडी. ती अंजिरी, तुझ्या आवडीची. मी माझ्या जागी, भिंतीपाशी उभा राहिलो. जसबीर तुझ्या जागी. घड्या निम्म्या झाल्या आणि पोराला रडू आवरेना. त्याने डोळे पुसायला हात उचलले.

दोन्ही हात, प्रीतम.

कापड खाली पडलं नाही. माझ्या चिमटीपासून त्याच्या पोटापर्यंत ते तसंच ताठ, हवेत. वाऱ्याची झुळूक नव्हती. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. मग दोनदा हलकी ओढ आली, आणि तिसऱ्यांदा झटका. मी एक पाऊल पुढे गेलो. सगळ्यांना वाटलं पंडितजींना भोवळ आली. कुणीतरी मला पाणी पाजलं.

मीही मनाची समजूत घातली, की शोकात माणसाला काहीही वाटतं. तर्कशास्त्र शिकलेला माणूस आहे मी. दहाव्या दिवसापर्यंत ती समजूत पुरली.

दहाव्या दिवशी दुपारी तुझ्यासाठी लावलेल्या ग्रंथसाहिबाच्या पाठाची समाप्ती होती. त्या सकाळी भापकर तात्यांनी न्हाव्याला पाठवून दिलं. रंगनाथला. त्यात वाकडं काही नव्हतं रे! बाप गेला की दहाव्याला मुलाने क्षौर करायचं, एवढंच त्या म्हाताऱ्याला ठाऊक. सरदाराच्या पोराकडे कुणी बघणार नाही, निदान एवढं आपण करावं, असं त्यांना वाटलं. वर पैसे स्वतः देणार होते. रंगनाथने कडुनिंबाखाली पोतं अंथरलं आणि हाक मारली, "या मालक. बाप माघारी येत न्हाई. बसा."

जसबीर नुकताच न्हालेला, केस मोकळे. मला वाटलं, हसेल आणि परत पाठवेल. तो गेला आणि पोत्यावर बसला.

मी ओट्यावरून उतरलो. "जसबीर, अरे, तुमच्यात हे नसतं."

"माहीत आहे, काका." तो खाली बघून बोलत होता. "कारखान्यात रोज माझ्या पगडीवर बोलतात. मशीनवर नको, टोपी घाल, सरदारजी, बारा वाजले का. दोन वर्षं मनात आहे, पण बापूजींच्या समोर कुठल्या तोंडाने जायचं? आता लोक म्हणतील, बापासाठी काढले. कुणी नावं ठेवणार नाही."

बघ कसं आहे! आमच्या शाळेतली पोरं हल्ली मानेपर्यंत केस वाढवून हिंडतात, हेडमास्तर छडी घेऊन त्यांच्या मागे. आणि तुझ्या पोराला सुटका हवी होती, ती आमच्या सुतकाने त्याला अलगद आणून दिली. मी काय बोलणार? बिनशेंडीचा पंडित!

रंगनाथने केसांचा झुबका डाव्या मुठीत धरला, उजव्या हातात कात्री. आणि थांबला. मूठ सैल केली, परत धरली. जसबीरच्या मागे वाकून बघितलं. मागे झाडाचं खोड, दुसरं काही नाही.

"मास्तर," तो मला म्हणाला, अगदी हळू, "ह्ये तिकडनं कोन वढतंय?"

"कोण ओढणार?"

"कुनीतरी धरलंय. दोनदा वढलं." त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मग त्याची मूठ एकदम पुढे हिसकली गेली, आणि कात्री मातीत पडली. ती त्याने उचलली नाही. पेटी काखेत मारली आणि निघाला. "मला न्हाई जमायचं. तात्यांना सांगा, पैसं नकोत."

कात्री अजून माझ्याकडे आहे. तो न्यायला येत नाही.

त्या दिवसापासून जसबीर रोज सकाळी पगडी बांधतो, आणि मी टोक धरतो. तुला बरं वाटलं असेल. मलाही वाटायचं, परवापर्यंत. परवा घड्या घालता घालता तो म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्ही शेवटी एवढ्या जोरात का हिसकता? रोज मी पुढे येतो."

 रोज एक पाऊल पुढे मीही येतो. मला वाटायचं, तो हिसकतो.

आम्ही दोघे मधे ताणलेल्या कापडाकडे बघत उभे राहिलो. मग पोराने ते भराभर डोक्याला गुंडाळलं. पेच वाकडे बसले.

काल संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "काका, मी केस ठेवतो. पण खरं सांगू? मला भीती वाटते म्हणून ठेवतो."

म्हणून हे पत्र, सरदार. तुझ्याविरुद्ध माझी खरी फिर्याद ही आहे. तू इतकं घट्ट धरून ठेवलं आहेस, की पोराला स्वतःहून काही धरताच येत नाही. तुझे केस तू कुणाच्या धाकाने ठेवले होतेस का? तहानलेल्या गावात, सगळे हसत असताना, एका बादलीत धुतलेस. ते तुझे होते म्हणून. त्याचे आत्ता कुणाचे आहेत? माझी शेंडी गेली ती मला न विचारता. त्याचे केस राहावेत तेही त्याला न विचारता? मला यात फार फरक दिसत नाही.

तुला कशाची धास्ती आहे, ते मला कळतं. अमृतसरचा फलाट. पोरगा कधीतरी तुझ्यासमोर उभा राहील, बोडका, आणि तू त्याच्या समोरून निघून जाशील. हेच ना?

तर मागणं एवढंच, की उद्या सकाळी टोक सोड. एकदाच. त्याने बांधली तर त्याची त्याने बांधलेली असू दे.

आणि माझ्याकडून वचन घे. तो पगडीत असो वा नसो, मी त्याला नजरेआड होऊ देणार नाही. दर महिन्याला एसटीने पुण्याला जाईन, त्याच्या खोलीवर. बांधत असेल तर टोक धरीन. नसेल तर समोर बसून चहा पिईन, आणि आल्यावर कडुनिंबाखाली उभं राहून तुला त्याची खूण सांगीन. हसताना तो तुझ्यासारखा आधी डावा डोळा मिटतो. ती खूण कुठल्या कात्रीने जाणारी नाही. तुमच्या दोघांमधली हाक मी राहू देणार नाही. त्या फलाटावर दोघांना एकमेकांची खूण सांगणारं कुणी नव्हतं.

मला वाटतं, तो बांधेल. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आज सकाळी त्याने तुझ्या दुसऱ्या अंजिरी कापडाला स्वतः खळ घातली. आत्ता ते आमच्या दोरीवर वाळतंय. ऊन भरपूर आहे, वारा नाही.

आता खरं काय ते सांगतो. केसांची काळजी मी वर केली, तीही खरी आहे. पण सकाळपासून हे पत्र संपवायचं लांबवतो आहे ते वेगळ्याच कारणाने. इतक्या वर्षांत तू माझं एकही म्हणणं ऐकलं नाहीस, आणि मला भीती वाटते आहे, की हे ऐकशील.

टोक धरून उभा,
तुझा पंडित