हमीच्या सामन्याला नकार देणाऱ्यांसाठी

मी, वेंडेल आर्थर क्रोगमन, वय एकोणपन्नास, राहणार ग्रॅम्बी फोर्क, नेब्रास्का, हार्लोवन विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या पुढच्या फळीचा प्रशिक्षक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार स्वादुपिंडाचा आहे, डोक्याचा नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून मी हे लिहीत नाही. उलट ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो त्यांनी लिहू नकोस असेच सांगितले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात सगळे काही विद्यापीठाला दिले होते. ते आजपासून रद्द समजावे.

कलम एक. देहाची व्यवस्था.

मला आमच्या जुन्या खेडेशाळेमागच्या दफनभूमीत, आईवडिलांच्या पायथ्याशी पुरावे. शाळा बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण कुंपण अजून उभे आहे. आम्ही सगळ्या इयत्ता मिळून सात मुले होतो आणि बाई एकच. थोरल्याने धाकट्याला शिकवायचे, असा तिथला नेम. पुढे मैदानावर मी जे काही केले ते तेवढेच केले. शवपेटीवर विद्यापीठाचा झेंडा घालू नये. प्रार्थना पाद्री ओबर्ग यांनी म्हणावी आणि ती लहान असावी. मुले उभी राहून कंटाळतात.

कलम दोन. वडिलोपार्जित जमीन.

नदीकाठची सगळी शेतजमीन माझी धाकटी बहीण लोराना हिला द्यावी. ती आणि तिचा नवरा आज तिथे मका करतात, तो त्यांनी करत राहावा.

हे कलम वाचायला सोपे आहे, पण इथपर्यंत यायला मला सगळा वसंत लागला, म्हणून कारण लिहून ठेवतो. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या संघाचा हमीचा सामना ठरलेला आहे. हा सामना म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कोर्टात वाचणाऱ्याला नसेल. एखाद्या बलाढ्य विद्यापीठाला मोसमाच्या सुरुवातीला घरच्या मैदानावर सोपा विजय हवा असतो. ते आमच्यासारख्या लहानाला बोलावतात, आणि येऊन हरण्याबद्दल ठरलेली रक्कम देतात. यंदा ती साडेपाच लाख डॉलर आहे. त्या एका दुपारच्या पैशावर आमचा व्हॉलीबॉल चालतो, धावण्याचा संघ चालतो, टेनिसची जाळी येते. तिकडच्या फळीतला एकेक पोरगा आमच्या पोरापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड असतो. आमचा फुटबॉल हा अंगाला अंग भिडवायचा खेळ आहे. पुढचे सांगायला नको.

डॉक्टरांनी मला पानगळ दिसणार नाही असे सांगितले, तेव्हा माझ्या मनात आले की जमीन जिवंतपणीच देऊन हा सामना मोडता येईल. मी क्रीडासंचालक ग्रँट पेलम यांच्याकडे गेलो.

"जमीन? अरे वेंडेल, आनंदाने घेऊ," ते म्हणाले. "तुझ्या नावाची पाटी लावू, चांगली पितळेची."

"आणि सामना?"

"सामना कसा मोडणार? करार झालाय. आपण मोडला तर तेवढाच दंड आपल्यालाच भरायचा."

"मग जमीन विकून दंड भरा."

"आणि वर्षभर खायचं काय? वारा?" ते हसले. हसणे वाईट नव्हते, थकलेले होते. "बाबा रे, इथं एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडतं. तू जमीन दे, आपण सामनाही खेळू. दोन्ही मिळून कुस्तीचा संघ परत सुरू करता येईल. तुला कुस्ती आवडते ना?"

तिथून मी थेट लोरानाकडे गेलो. ती ट्रॅक्टरखाली शिरली होती. मी काय करायला निघालो होतो ते तिला सांगितले. ती बाहेर आली, हात पुसत राहिली.

"म्हणजे परक्यांच्या पोरांसाठी तू माझ्या पोटावर पाय देणार होतास," ती म्हणाली. "आणि त्या पेलमने नको म्हटलं म्हणून मी वाचले. असंच ना?"

"नको नाही म्हणाला तो. दोन्ही हवंय त्याला."

"मग तर तुझ्यापेक्षा तोच शहाणा." मग तिने मला आत नेऊन सूप वाढले आणि मी ते संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

जमीन लोरानाची. यावर विद्यापीठाने जुन्या मृत्युपत्राच्या आधाराने हक्क सांगू नये.

कलम तीन. राहते घर.

माझे घर विकावे आणि येणारी सगळी रक्कम सिओसाया तौफा, राहणार सॉल्ट लेक सिटी, याच्या शुश्रूषेसाठी त्याची आई मेले तौफा हिच्याकडे द्यावी.

साया आमच्या फळीतला मधला गडी होता. चेंडू पायांतून मागे देऊन त्याच क्षणी समोरच्याला अंगावर घेण्याचे काम मधल्याचे असते. तीन वर्षांपूर्वी आम्ही असाच हमीचा सामना खेळायला गेलो. खर्च वाचावा म्हणून वरून हुकूम आला की एक बस कमी न्या. त्या बसमध्ये बसायची मुले घरी राहिली, आणि त्यांत सायाच्या जागी उतरणारा बदली खेळाडू होता. त्याने सामना रेडिओवर ऐकला. त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत मधल्या जागेवर एकटा साया. त्यांनी मात्र चार माणसे आलटून पालटून सोडली, ताजीतवानी. त्यांचे गुण साठाच्या वर चढले तेव्हा आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी शेवटचा भाग छोटा करा म्हणून विनंती केली. तिकडचे प्रशिक्षक कबूल झाले. मग कोणीतरी फोन केला आणि निरोप आला की टीव्हीच्या जाहिराती विकल्या आहेत, घड्याळ पूर्ण चालले पाहिजे.

ते पूर्ण चालले. सायाची मान शेवटच्या भागात मोडली. नव्वद हजार माणसे एकदम गप्प झाली, आणि त्याला गाडीत घातल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्या टाळ्या आजही चर्चमध्ये प्रार्थनेला मान खाली घातली की माझ्या कानात येतात, आणि देवाला काय मागावे ते मी विसरतो.

दर उन्हाळ्यात मी सायाकडे जातो. त्याची आई अळूच्या पानांत मांस बांधून शिजवते आणि ते आधी त्याला भरवते, मग मला वाढते. गेल्या महिन्यात मी त्याला घर द्यायचे ठरवले आहे असे सांगितले.

"कोच, तुमच्या घराला पायऱ्या किती?" त्याने विचारले.

"पुढून पाच."

"मग मला तिथं नेऊन काय कुंडीत लावणार? विका ते."

त्याची आई त्याला ओरडली, "मोठ्या माणसाशी असं बोलतात?" आणि तोंड फिरवून चुलीकडे गेली. तो हसत होता. त्याला मानेच्या वरच तेवढे हसता येते.

म्हणून घर विकायचे. पलंग, कपाट, भांडी ज्याला हवी त्याने न्यावीत.

कलम चार. धंद्याचे सामान.

सरावाची लोखंडी ढकलगाडी, जी मुले खांद्याने रेटत नेतात, मी माझ्या पैशाने बनवून घेतली होती. ती ग्रॅम्बी फोर्कच्या हायस्कूलला द्यावी, विद्यापीठाला नाही. तिचे डावे चाक अडते, तेल घालावे. शिट्ट्या आता आमच्या फळीत मधला खेळणाऱ्या जमीर व्हिटफिल्डला द्याव्यात. त्याला माणसे जमवता येतात. खेळणे संपल्यावर तो चांगला शिक्षक होईल.

व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षिका मार्लिस हेगन यांना मी काही देत नाही, कारण मला त्यांना साक्षीदार करायचे आहे आणि कायद्याने दोन्ही जमत नाही. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

कलम पाच. ग्रँट पेलम यांच्यासाठी.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या सामन्याच्या शेवटच्या भागाचे चित्रण माझ्याकडे आहे. ते मी श्री. पेलम यांना देतो. तिसरा भाग संपताच ते यजमानांबरोबर जेवायला उठून गेले होते, त्यामुळे त्यांनी ते पाहिलेले नाही. त्यांनी ते एकदा, एकट्याने, मध्ये न थांबवता पाहावे. माझा त्यांच्यावर राग होता. आता तो तेवढा उरलेला नाही, हे मी देवाला स्मरून लिहितो. दुसरा कोणी त्या खुर्चीत असता तर त्यानेही हेच करार केले असते. पण त्याने बघितले तरी असते, असे मला वाटत राहते.

कलम सहा. बचत.

माझ्या बँकेतली सगळी बचत आणि विम्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. तिचा उपयोग एकच.

पुढच्या फळीतला जो कोणी मुलगा हमीच्या सामन्याची बस सुटण्यापूर्वी "मी येत नाही" असे म्हणेल, आणि त्यामुळे त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली जाईल, त्याची पदवी होईपर्यंतची फी या खात्यातून भरावी. त्याला कारण विचारू नये. त्याचे नाव कोणाला सांगू नये. आज हिशेब केला तर पाच मुलांना पुरेल, आणि मैदानावरच्या फळीत पाचच जण असतात. फळीच नसेल तर सामना होत नाही. हे मी ठरवून लिहिले आहे, योगायोग समजू नये. सप्टेंबरपर्यंत मी जिवंत राहिलो तर ही फी मी स्वतः भरीन.

गेल्या रविवारी मी फळीतल्या मुलांना घरी जेवायला बोलावले आणि हे सांगितले. मला वाटले होते, निदान एकाचा तरी चेहरा उजळेल.

"कोच, रागावू नका," जमीर म्हणाला, "पण आजीनं मोठा टीव्ही घेतलाय. हप्त्यानं. मी दिसणार म्हणून."

"तू दिसशील तो पाठीवर पडलेला," दुसरा एक जण म्हणाला.

"पडलो तरी नाव तर घेतील ना माझं. नव्वद हजार लोकांसमोर!"

"साया आठवतो का तुला?" मी विचारले.

सगळ्यांचे काटे ताटात थांबले. जमीरने आपला काटा खाली ठेवला. "मी त्या दिवशी घरी राहिलो होतो, कोच," तो म्हणाला. "कमी केलेल्या बसमधला मी. मी रेडिओवर ऐकलं. मी नाही गेलो तर परत कोणीतरी माझ्या जागी जाणार. मग ते ऐकत बसू का मी?"

मुलांनी भांडी घासून ठेवली आणि जाताना एकेकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जपून, जसा म्हाताऱ्या माणसाच्या ठेवतात.

मार्लिसला मी हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती भडकली.

"पाचही जण नाही म्हणाले तर? सामना बुडाला, वर दंड. पहिली कुऱ्हाड कोणावर? माझ्या पोरींच्या. अठरा पोरी आहेत माझ्या, वेंडेल. त्यांतल्या निम्म्या घरातून कॉलेजला आलेल्या पहिल्या."

"माहीत आहे मला."

"माहीत असून लिहितोस?"

"तुझ्या पोरींची मान मोडत नाही, मार्लिस."

"शिक्षण मोडतं. त्याचा आवाज येत नाही एवढंच."

तिचे म्हणणे खरे आहे, आणि मी ते खोडत नाही. मी त्यावर आठवडाभर प्रार्थना केली. मला काही स्पष्ट सांगितले गेले नाही. एवढेच उमगले की एका पोरीची फी आणि एका पोराची मान यांची बेरीज एका दुपारच्या किमतीत बसवणारा मी नाही, ती ज्यांनी बसवली ते वेगळे. माझ्या हातात आहे ते इतकेच, की ज्याला नाही म्हणायचे आहे त्याला ते परवडावे. मी हे कलम तसेच ठेवतो.

जो खेळेल त्याला कोणी लोभी म्हणू नये. जो खेळणार नाही त्याला कोणी भित्रा म्हणू नये. यंदा कोणीच 'मी येत नाही' म्हणाले नाही तर पैसे खात्यातच राहू द्यावेत, आणि दर वर्षी असा सामना ठरला की हे कलम फळीला मोठ्याने वाचून दाखवावे. पैसे संपेपर्यंत किंवा असे सामने संपेपर्यंत. आधी काय संपेल ते मला माहीत नाही. जमीर यंदा जाणार. माझी त्याच्यासाठी रोजची प्रार्थना आहे, आणि ती जिंकण्याची नाही.

कलम सात. व्यवस्थापक.

या मृत्युपत्राची व्यवस्था लोराना हिने पाहावी. वाचून दाखवण्याचे कामही तिचेच. मुले तिच्यापुढे उलट बोलत नाहीत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर, ते एकाच खोलीत असताना, खाली सही केली.

वेंडेल आर्थर क्रोगमन
ग्रॅम्बी फोर्क, नेब्रास्का
१७ जून २०२४

साक्षीदार पहिला: पाद्री नॉर्मन ओबर्ग. वेंडेल यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.

साक्षीदार दुसरी: मार्लिस हेगन. त्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर आहे. कलम सहा मी दोनदा वाचले, ते मला मान्य नाही. पण बस सुटायच्या आधी लोराना ते वाचेल तेव्हा मी तिच्या शेजारी उभी राहीन, आणि माझ्या पोरींनाही घेऊन येईन. 'नाही' कोण म्हणतंय, आणि कोणासाठी म्हणत नाही, ते फळीतल्या पोरांना आणि माझ्या पोरींना एकमेकांकडे बघून ठरवू दे.