औषध म्हणून आजच्याच विमानाने जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
प्रवासी सेवा विभाग, विमान कंपनीचे शहर कार्यालय
(काउंटरमागील काचेचे दार)

विषय : परवाचे तिकीट वैद्यकीय कारणास्तव आज संध्याकाळच्या विमानाचे करून मिळणेबाबत.

संदर्भ : काउंटरवरील बाईंचे आज सकाळचे तोंडी उत्तर, "काका, नियमात बसत नाही."

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी शिवणयंत्रे दुरुस्त करणारा कारागीर असून कीर्तनाचा वेडा आहे. माझी थोरली बहीण (यापुढे 'आक्का') परगावी इस्पितळात दाखल आहे. तिच्या पित्ताशयाचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरले होते, म्हणून मी परवाचे तिकीट काढले. काल खड्यांनी उचल खाल्ली. आता ऑपरेशन उद्या सकाळीच करणे भाग आहे. परंतु भीतीने तिचा रक्तदाब चढलेला असून तो उतरल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. झोपेच्या गोळीचे तिला वावडे आहे, अंगभर पुरळ उठतो.

२. येथे एक गोष्ट नाइलाजाने लेखी द्यावी लागत आहे. मी कीर्तनाला उभा राहिलो की माणसे झोपतात. पूर्वरंग संपेपर्यंत निम्मे श्रोते पेंगतात, आख्यानाला देव आणि मी असे दोघेच जागे. पेटीवाल्याने मला सोडले, कारण तो सूर धरूनच झोपला होता. बाकीची मंडळी हळूच चपला शोधत निघून जातात. आक्का मात्र एकदाही उठून गेलेली नाही. पुढे बसते, डोके भिंतीला टेकते आणि शेवटपर्यंत असते. घोरते, पण असते.

३. ही बाब भाचीने डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टर हसले, पण दुसरा इलाज नव्हता, म्हणून काल फोनवरून प्रयोग झाला. आक्काचा दाब उतरू लागला. तथापि फोन धरून उभ्या असलेल्या भाचीलाही डुलकी लागली, फोन फरशीवर पडून फुटला आणि आक्का दचकून जागी झाली. दाब होता त्याहून वर गेला. "फोन नको, माणूसच आणा," असे डॉक्टरांनी सांगितले व तसा दाखलाही पाठवला.

४. दाखला पाहून बाई म्हणाल्या, "तारीख बदलते ती पेशंटसाठी. तुम्हाला काय झालंय? चांगले ठणठणीत तर आहात." मी म्हणालो, मला काही झालेले नाही, मी औषध आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग औषध पार्सलने जातं, काका. मालाची खिडकी पलीकडे." तेथेही जाऊन आलो. तेथील गृहस्थांच्या म्हणण्यानुसार जिवंत माल पिंजऱ्यात घालून आणावा लागतो. माझी तयारी आहे, परंतु माझ्या गुडघ्यांची नाही.

५. परत आल्यावर बाईंनी पुरावा मागितला, "बघू तरी, म्हणून दाखवा." मी नको नको म्हणत होतो. अखेर चिपळ्या न वाजवता, अगदी हळू आवाजात आख्यान सुरू केले. रांगेत एक तान्हे बाळ केव्हाचे रडत होते, ते आधी थांबले. त्याची आई मला हात जोडून खुर्चीत कलंडली. दारावरचा रखवालदार उभ्या उभ्या भिंतीला टेकला. बाईंनी "मग पुढे काय झालं?" एवढे विचारले आणि टेबलावर गाल टेकला, त्या हा अर्ज लिहीपर्यंत उठलेल्या नाहीत. त्यांचा काही दोष नाही, त्यांच्यावर कारवाई होऊ नये. आपण काचेच्या दाराआड असल्यामुळे जागे असाल, या आशेवर अर्ज दाराखालून सरकवत आहे.

६. तरी आजचे तिकीट करून द्यावे, ही विनंती. जागा शेवटच्या रांगेत मिळावी. प्रवासात तोंड उघडणार नाही अशी हमी देतो, पण गुणगुणण्याची सवय आहे. वैमानिकापासून जितका लांब तितके बरे.

साहेब, आजवर देवाला एकच साकडे घालत आलो, की माझ्या कीर्तनात एकदा तरी कोणी जागे राहू दे. उद्यापुरते ते मागे घेतले आहे. आक्काला झोपवणे माझ्याकडे, तिला पुन्हा उठवणे त्याच्याकडे. मधले विमान तेवढे आपल्याकडे आहे.

आपला नम्र व तूर्त गप्प बसलेला,
(सही)
आक्काचा धाकटा भाऊ

दिनांक : आजचाच. उद्या उपयोग नाही.

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला.
२. परवाचे तिकीट.
३. अर्जाची पोच जोडता आली नाही. शिक्का बाईंच्या गालाखाली आहे.