शकीबाची खोली

१५ ऑगस्ट २०२१
जिलेबी तशीच पडून राहिली. सकाळी झेंडावंदनाहून येताना हे घेऊन आलते. संध्याकाळी वरच्या खोलीतून किंकाळी! धावत गेले तर शकीबा फरशीवर बसलेली, हातात मोबाईल. तालिबाननं काबूल घेतलं. तिचं गाव हेरात तर आधीच गेलंय. "काकू, आमचा झेंडा काढला," एवढंच म्हणत होती. एम.एस्सी.ला आली तेव्हापासून आमच्याकडं भाड्यानं राहते, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. आज तेवढं एक वाक्य सोडून मराठी, हिंदी सगळं विसरली. वडील नाहीत. आई तिकडं एकटी — आणि फोन लागत नाही.
मी नुसतं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरं काय येतं मला?

१९ ऑगस्ट
लागला! फोन लागला!! आई जिवंत आहेत, घरातच आहेत. हिंदी मालिका बघून बघून त्यांना मोडकंतोडकं हिंदी येतं. शकीबानं व्हिडिओ चालू करून फोन माझ्या हातात दिला. बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "बहन, इसको इधर मत भेजना. अब तुम्हारी बेटी." मी मराठीतच बोलले, "काळजी करू नका, माझ्या घरात आहे ती." कळलं त्यांना. रडल्या. माझा नंबर मागून घेतला.

३ ऑक्टोबर
शकीबा दिल्लीला जाऊन आली. निर्वासितांच्या ऑफिसात अर्ज दिला. शिक्षण संपलं की इथला व्हिसा संपणार, आणि तिकडं परत जायची सोय उरली नाही.
चहा पिता पिता विचारलं, "रेफ्युजीला मराठीत काय म्हणतात, काकू?"
सांगितलं. दोनदा म्हणून बघितला तो शब्द. मग म्हणाली, "लांब आहे." आणि कप विसळायला उठली.

२२ नोव्हेंबर
पोलीस आलते. चौकशीच, दुसरं काही नाही. परदेशी मुलगी म्हणून कागद बघितले, चहा घेतला, गेले. नीट बोलले. पण गल्लीनं गाडी बघितली ना! समोरचे जोतीरामदादा लगेच दारात.
"काय मालक, कुणाला ठेवलंयसा घरात? टीव्हीवर बघताय न्हवं काय चाललंय तिकडं?"
हे जेवले नाहीत. "आपल्या दारात पोलीस न्हाय आलं कधी. तिला दुसरीकडं बघायला सांग."
"अहो, तिच्या आईला शब्द दिलाय मी."
"तू दिलायस. मी न्हाय."
भांडायला पाहिजे होतं. मी भाजी गरम करायला उठले.

२४ नोव्हेंबर
सांगितलं. तेही खोटं — म्हटलं, पुतणी शिकायला येणार आहे, खोली लागंल.
शकीबा माझ्याकडं बघत राहिली. मला पुतणी नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. दिवाळीला सगळा गोतावळा तिनं बघितलाय. तरी म्हणाली, "हरकत नाही काकू. तिला सांगा, खिडकीची कडी नीट बसत नाही. दोरी बांधावी लागते."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

५ डिसेंबर
गेली. पुण्याला, तिकडच्या मैत्रिणींकडं. एका खोलीत दाटीवाटीनं राहतात म्हणे. कॉलेजचे तास तिथूनच मोबाईलवर करणार. जाताना वाकून नमस्कार केला — मला, ह्यांनाही. ह्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली घेतला नाही.
खोली झाडून, पुसून दिली तिनं. एक केससुद्धा ठेवला नाही.

२० जानेवारी २०२२
म्हटलं, दुसरा भाडेकरू बघूया का? हे म्हणाले, "राहू दे रिकामी."

४ मार्च
दुपारी फोन वाजला. शकीबाची आई!
"बहन, शकीबा फोन नहीं उठाती. घर में है ना?"
म्हणजे पोरीनं आईला सांगितलंच नाही! तोंडातून निघून गेलं, "है, है. कॉलेज गयी है."
मग शकीबाला लावला. शिकवणीवर होती, लहान पोरांना गणित शिकवते.
"आईला सांगू नका काकू. मी तुमच्याकडं आहे म्हणून तिला झोप लागते."
"मग ये ना परत!"
"पुतणी आहे ना तुमची," म्हणाली. हसून नाही.

११ मार्च
परत त्यांचा फोन. अंथरुणावरच होत्या, दम लागत होता. हृदयाचं दुखणं आहे, औषध मिळत नाही. "बहन, बेटी का कमरा दिखाओ."
काय दाखवू? उघडा पलंग? म्हटलं, थोड्या वेळानं लावते.
हे जिन्यात उभं राहून ऐकत होते. माझी एक ओढणी घेऊन वर गेले, दोरीवर टाकली. पलंगावर चादर घातली — उलटी, पण घातली. कपाटातली जुनी पुस्तकं टेबलावर मांडली. "लाव आता," म्हणाले.
आईंनी डोळे भरून बघितलं. "अच्छा है. बहुत अच्छा है."
फोन ठेवला तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. "बोलव की तिला, निर्मला."
"तुम्हीच बोलवा. तुम्ही घालवलंय." पहिल्यांदाच मी असं तोंडावर बोलले. मी तरी कुठं अडवलं होतं?
ह्यांनी लावला. तिनं उचलला नाही.

२ एप्रिल
शकीबाचा फोन. आई परवा गेल्या. माती झाली ती हिनं पुण्यातून मोबाईलवर बघितली. आईंनी खोली बघितल्याचं हिला सांगितलं होतं म्हणे.
ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पोरी, खोली तुझीच हाय. गाडी घेऊन येतो आत्ता. घरी चल."
पलीकडून ती म्हणाली, "आता कुणाला दाखवायला, काका?"