उताऱ्यावरचं नाव

केंदूर
९ मार्च २००५

प्रिय वन्सं,

हे पत्र तुम्हाला स्वप्नालीच वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते. पोरी, मामीनं लिहिलंय ते सगळं आईला वाचून दाखव. तिला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नकोस.

काल महिला दिनाचा आमचा मेळावा शिरूरला झाला. अकराला येणारे पुढारी दीडला उगवले. हार घालून घेतला, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बाई म्हंजी देवी हाय. देवीला कशाला पायजे सातबारा?" मग स्वतःच हसले. मागं उभी असलेली त्यांची माणसं टाळ्या पिटायला लागली. देवीला निदान नैवेद्य तरी दाखवतात. सकाळपासून उन्हात बसलेल्या आमच्या बायकांना कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. असल्या माणसाच्या शिफारशीसाठी मी चार महिने त्यांच्या बंगल्याच्या पायऱ्या झिजवल्या, याची मला लाज वाटते.

आमचं मागणं काही जगावेगळं नाही. बापाच्या जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क द्यायचा कायदा दिल्लीत घाटतोय. आपल्या राज्यात तो चौऱ्याण्णवलाच झाला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या. मांडवाबाहेर पाऊल पडलं की बाईला बापच राहत नाही, असं त्या शहाण्यांना वाटलं असावं. दिल्लीच्या मसुद्यातही तीच मेख आहे. ती काढा, म्हणून शिरूर-दौंडच्या बायका खासदारांना कार्डं धाडताहेत. कार्डावर प्रत्येकीनं आपल्या बापाचं नाव लिहायचं आणि लहानपणी जिथं राबली त्या रानाचं. गट नंबर बाईला कोण सांगतो? पण रानाचं नाव ठाऊक नसलेली बाई मला अजून भेटायची आहे. चिंचेखालचं, ओढ्याकाठचं, माळाचं, असं सांगताना म्हाताऱ्यासुद्धा ताठ बसतात.

त्यातही दिवे लावणारे असतातच. एका गावच्या सरपंचबाईंचे यजमान आहेत खंडूशेठ. सरपंच बाई, आणि शिक्का यांच्या खिशात. "ताई, तुमी कशाला तरास घेता, आमच्या गावाचं म्या बघतो," म्हणाले. आठ दिवसांनी सत्तर कार्डं घेऊन आले. सगळी एकाच अक्षरात, आणि बापाच्या जागी नवऱ्यांची नावं! विचारलं, तर म्हणतात, "नवराच की बाईचा मायबाप!" ती सत्तर कार्डं मी बंबात घातली. आंघोळीचं पाणी तेवढं कडकडीत तापलं.

वन्सं, या लोकांना मी चारचौघांत किती नावं ठेवते ते तुम्ही ऐकलं असेल. आता ताईबाईंची, म्हणजे माझी, गोष्ट ऐका. प्रत्येक सभेत मी पिशवीतून माझा सातबारा काढून उंच धरते. गाव केंदूर, विहिरीकडची पट्टी, नाव सुवर्णा. तीन वर्षांपूर्वी तुमच्या भावानं ती माझ्या नावावर केली, म्हणून तालुक्यात त्यांचा सत्कार झाला, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. बायका त्या कागदाला हात लावून बघतात. मी मान अशी वर करते की बघतच राहावं.

पाच दिवसांपूर्वी दौंडकडची कार्डं लावत बसले होते. वरवंडच्या गठ्ठ्यात स्वप्नालीचं अक्षर दिसलं. "वडील कै. गेणबा, केंदूर. विहिरीकडची पट्टी. आठ वर्षांची होते तेव्हापासून खुरपली. विहीर खणली तेव्हा माती मी वाहिली." खाली तुमचा अंगठा. माझ्याबद्दल एक अक्षर नाही, तक्रार नाही.

आबा गेले त्या वर्षी मीच तुम्हाला एसटीनं शिरूरच्या कचेरीत घेऊन गेले. तुम्ही विचारलंत, "सुवर्णा, काय लिवलंय गं ह्यात?" मी म्हणाले, "काही नाही वन्सं, आबांच्या वारसनोंदीचं आहे." ते हक्कसोडपत्र होतं. तुम्ही माहेरच्या जमिनीतला तुमचा वाटा राजीखुशीनं भावाला सोडला, असं त्यात लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. बारावी पास बाईची सही. अक्षर वळणदार आलं म्हणून मला उलट बरं वाटलं. पुढं दाजी गेले, दिरांनी तुम्हाला एका खोलीत ढकललं, आणि तुम्ही वरवंडात लोकांच्या रानात खुरपायला जायला लागलात. इकडे तुमच्याच पट्टीत मी झेंडू लावला आणि बायकांच्या हक्काची भाषणं केली. पुढाऱ्यानं बायकांना पाणी विचारलं नाही, एवढंच. मी तर तुमचं रान काढून घेतलं. खंडूशेठ निदान अडाणी तरी आहे.

आणि कार्ड वाचूनही काल व्यासपीठावर हात पिशवीत गेला, उतारा निघाला, मी तो उंच धरला. टाळ्या पडल्या. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

तुमचं कार्ड आज दिल्लीला पाठवलं. पण उद्या कायदा झाला, तरी अंगठा उठवून वाटा सोडलेल्या बाईच्या हाती त्यातून काही पडणार नाही, असं वकील म्हणतात. म्हणून हे पत्र. विहिरीकडची पट्टी तुमच्या नावानं करायचं बक्षीसपत्र मी लिहून घेतलंय, त्याची नक्कल सोबत आहे. नाव बक्षीसपत्र, पण बक्षीस देणारी मी कोण? तुमचे भाऊ दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. भाकरी वाचल्या. येत्या सोमवारी अकरा वाजता शिरूरला त्याच कचेरीत या, मी दारात उभी असेन. अंगठा देण्याआधी स्वप्नालीकडून कागद दोनदा वाचून घ्या, आणि वरवंडात आणखी एखाद्या जाणत्या माणसालाही दाखवा. सुवर्णानं दिलाय म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही अजून म्हणू दिलंत, तर तुमचीच,
सुवर्णा