नवमीचा कावळा

११ मार्च २००७, स्टॅनमोर

सकाळी शेजारच्या डेरेकने कुंपणावरून पक्ष्यांचा फीडर दिला. लांब नळी, आत काळ्या बारीक बिया. यावर गोल्डफिंच येतात म्हणे. "सुधाला आवडायचे," म्हणाला. टांगला लगेच. येवोत बिचारे. मला मात्र कावळा हवाय.

गेल्या वर्षी अविधवा नवमीला सुधाचं पान वाढून शेडच्या छपरावर ठेवलं. सवाष्ण गेली, तेव्हा नवमी तिची. दुपार टळली, कावळा फिरकला नाही. लठ्ठ पारव्यांनी खीर चिवडली. निखिल म्हणे, "बाबा, कुठला पण बर्ड चालतो ना?" इथेच जन्मलेलं पोर, त्याला काय बोलणार. पण बायकोचं पान पारव्यांनी खाल्लं, ते मला अजून पचलेलं नाही. यंदा कावळाच.

२५ मार्च, रविवार

डेरेक जेवायला. नेहमीप्रमाणे. "अहो, त्याचं कुणी नाही. रविवारचं त्याचं ताट मोडू नका." आजारपणात सुधाचं हे एकच मागणं. केमोला तोच न्यायचा तिला. माझे डोळे अधू, गाडी केव्हाच सोडलेली.

आज त्याला सगळं सांगितलं. नवमी, पान, पितर. कावळा पानाला शिवेना, तर गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून घरातल्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा, मग शिवतो, हेही. नीट ऐकलं त्यानं. आमटी दोनदा घेतली. "म्हणजे कावळा तुमचा पोस्टमन." तसंच काहीसं, म्हटलं.

मग त्याची शिकवणी. खारे दाणे नकोत, टरफलासकट शेंगा. रोज एकाच वेळी, एकाच जागी. ठेवायच्या आणि आत यायचं. टक लावून बघायचं नाही. कावळ्याला नजर कळते, आणि धोका दिसलेली जागा तो विसरत नाही. पन्नास वर्षं पक्षी बघतोय माणूस. आपण गुरू केला.

१९ एप्रिल

शेंगा खार पळवते. उरलेल्या मॅगपाय पक्षी. मी ठेवताना "काव काव" ओरडतो, आई ओरडायची तसं. समोरची बाई खिडकी लावून घेते. घेऊ दे.

६ मे

आला!! शेडवर. काळाकुळकुळीत, डाव्या पंखात एकच पांढरं पीस. चार शेंगा चोचीत कोंबल्या, पाचवी पडली, तिच्यासाठी परत आला. अगदी सुधा. बाजारातून निघताना कोथिंबीर राहिली म्हणून परत जाणारी. मी असलं काही मानत नाही. तरी लिहून ठेवतो.

धावत डेरेककडे गेलो. त्यानं पाठ थोपटली.

१० जून

आता जोडी येते. "काव काव" म्हटलं की पांढऱ्या पिसाचा आधी. नवमीची काळजी मिटली. गोल्डफिंचचा पत्ता नाही.

१ जुलै, रविवार

डेरेक नीट जेवला नाही. त्याच्या हेजमधलं ब्लॅकबर्डचं घरटं रिकामं. पिल्लं गेली. त्यानं डोळ्यांनी पाहिलं, कावळेच. "मॅगपाय असतील," म्हटलं. "नो," एवढंच म्हणाला. वाईट वाटलं मला, खरंच. पण कावळ्यानं काय सलाड खायचं?

निघताना दारात विचारलं, "तुझे सकाळी केव्हा येतात?" सांगितलं. कसं बोलावतो तेही ओरडून दाखवलं. फुशारकी, दुसरं काय.

११ जुलै

आज कुंपणापलीकडून "काव काव." डेरेकच्या उच्चारात. किती हसलो! म्हटलं, आला पोस्टमनच्या नादाला.

१४ जुलै

पांढऱ्या पिसाचा दोन दिवस दिसला नाही, म्हणून डेरेककडे गेलो.

त्याच्या शेडमागे पिंजरा आहे. दोन कप्पे. एकात जिवंत कावळा, आमिष म्हणून ठेवलेला, दाणापाण्यासकट. दुसऱ्याचं झाकण उघडं, आत अंडं आणि शेंगा. आपल्या हद्दीत परका दिसला की कावळा भांडायला उतरतो, झाकण पडतं. कावळ्यानं कावळा धरायचा.

"पांढऱ्या पिसाचा कुठाय?"

म्हणाला, "लगेच संपलं. त्रास नाही झाला त्याला." आणि वर, "हे कायद्यात बसतं. नथिंग पर्सनल, मेट."

सगळं माहीत होतं याला. नवमी माहीत, वेळ माहीत, हाकसुद्धा माझ्याकडून शिकला. माझ्या आईची हाक! चोर असता तर परवडलं असतं. यानं केसानं गळा कापला.

१५ जुलै, रविवार

ताट मांडलं नाही.

२९ जुलै

दाराशी रनर बीन्सची पिशवी. त्याच्याच बागेतल्या. सुधा त्यांची भाजी करायची, खोबरं घालून. तशाच्या तशा कंपोस्टमध्ये टाकल्या. इतकी वर्षं आमचं जेवला आणि आमच्याच घराचे वासे मोजले.

१२ ऑगस्ट

निखिल रीडिंग गावाहून आला. वाटलं, बापाची बाजू घेईल. "बाबा, तो ट्रॅप लीगल आहे, मी चेक केला. अंकल डेरेकनी काढून पण टाकला आता. आणि त्यांचे बेबी बर्ड्स पण मेले ना?" म्हणजे वकीलही त्याचाच.

विचारलं, "आईसाठी तुला काहीच वाटत नाही?"

म्हणाला, "मला पण मिस होते आई. पण क्रो म्हणजे आई नाही, बाबा."

मी कधी म्हटलं तसं?

२ सप्टेंबर

गोल्डफिंच आले. थवाच. लाल तोंडाचे, पिवळ्या पट्ट्याचे, नळीला लोंबकळून भांडतात. याच वर्षी यायचं होतं यांना. सुधा खुर्ची टाकून बसली असती. मला बघवत नाहीत.

२३ सप्टेंबर

कावळे नाहीत. जोडीदार आहे, पलीकडच्या ओकवर, एकटाच ओरडतो. शेंगा ठेवल्या, हाक मारली. हाक ऐकताच उडून गेला. त्याला आता ती हाक म्हणजे पिंजरा. माझा आवाजही नासवला डेरेकनं.

निखिलचा फोन. कुणा गुरुजींना विचारलं म्हणे, दर्भाचा कावळा करून पानाला लावला तरी चालतो. सोय आहे, मलाही ठाऊक. गवताचा कावळा नको.

४ ऑक्टोबर, नवमी

पहाटेपासून स्वयंपाक. वडे, खीर, लाल भोपळा, आमसुलाची चटणी. वडे जरा कडक झाले. पान शेडवर ठेवलं. हाक मारली नाही. खिडकीशी येऊन बसलो, वही घेऊन.

पारवे आले, डेरेकनं त्याच्या बाजूनं टाळ्या वाजवून उडवले. पुन्हा आले, पुन्हा उडवले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. कोणी सांगितलं होतं याला? तारीख लक्षात ठेवलीन.

दुपारी ओकवरचा आला. शेडच्या टोकाला, पानापासून हातभर. मान वाकडी करतो, सरकतो, थांबतो. खिरीकडे बघतो. शिवत नाही.

भीती असेल, पिंजऱ्याची. असेलच. पण मला ठाऊक आहे तो कशावर अडलाय. सुधाचं एकच राहिलंय. तिकडे डेरेक अंगणात तसाच उभा, टोपी हातात, हलतसुद्धा नाही, कावळा उडेल म्हणून.

मोठ्यानं म्हणायला हवं. सगळं मिळून एक वाक्य, रविवारच्या ताटाचं. खिडकी उघडली. "सुधा," एवढं निघालं. पांढरं पीस आठवतं आणि जीभ उचलत नाही.

खीर निवली. तो अजून बसलाय. मीही.