सासू-सुनांचं चालणं

आई, तुझ्या सुनेला शुगर निघाली. घाबरू नकोस, वेळेत कळलंय. कळल्यावर मी सुट्टी टाकून पिंपळगावला आले आणि तुझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे.

वावर बटईने कसायला दिल्यावर तुझं शेतातलं रोजचं जाणं-येणं थांबलं आणि पुढे तुलाही हेच निघालं. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी चाला. तू निघालीस. डोक्यावर टोपलं नाही, हातात विळा नाही, पदर खोचून भरभर चाललेली बाई पाहून गावाने एकच अर्थ काढला, की ही सुनेशी भांडून निघाली. पाराजवळच्या बायकांनी तर तुझी समजूत घालून तुला घरी आणून सोडलं. आम्ही हसून लोळलो, तू हसली नाहीस. वहिनी तेव्हा नवी नवरी. तिच्या माहेरापर्यंत बोभाटा जाईल म्हणून तू चालणंच सोडलंस. डॉक्टरांपुढे मात्र हाव, हाव करत मान डोलवायचीस. मग पायाची जखम चिघळली आणि तू गेलीस.

आता मी पुण्यात हेच शिकवते. लोक का चालत नाहीत, यावर माझी भाषणं होतात. बाईला रस्त्यावर निघायला काहीतरी काम लागतं, हे तुझ्याकडून शिकलेलं सांगते, तेव्हा सगळे माना डोलावतात. पण वहिनीला बाहेर काढायचं म्हटल्यावर माझी सगळी विद्या उंबऱ्याशी अडली. ती म्हणाली, आता घरात माझी सून आहे, तिचं नाव खराब होईल. मला रागच आला. आईसारखंच जायचंय का, असं मी विचारून बसले. ती भाकरी थापत राहिली. मला फार भीती वाटली, आई.

तोड काढली ती तिच्या सुनेने. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. सासूला म्हणाली, "चला आत्याबाई, मी येतो संग. दोघी संग दिसल्यावर कोण म्हणन भांडल्या म्हणून?"

मी मागून चालत होते. पाराजवळच्या म्हातारीने हटकलंच, "सासू-सुना कुठी चालल्या व?"

वहिनी थांबली. मला वाटलं, आता देवळाचं नाव सांगेल.

"कुठीच नाही, माय," ती म्हणाली. "नुसत्या चालून राह्यलो."

म्हातारीला ते काही पटलं नाही, पण तिने कुणाला समजावून घरी आणलं नाही. त्यानंतर दोघी रोज जातात.

आज मी बूट घालून बाहेर आले, तर दोघी पुढे वळणापाशी पोचलेल्या. माझ्यासाठी थांबल्याही नाहीत. मला हेच तर हवं होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. बोलत बोलत त्या वळणाआड गेल्या, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. आपण दोघी अशा कधी चाललोच नाही.